चरबी की पाणी

आधीच सांगतो, हे लिहिण्याचा माझा वकूब नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं, आणि माझंही लिखाण प्रॅक्टिकलच्या जर्नलपुरतंच. तरी सांगतो, कारण या प्रकरणात सगळ्यात शहाणा मी होतो आणि घोटाळाही मीच केला.

नव्वदीची सुरुवात होती. बेलवलीत आमचं घर आणि थोडी भातशेती. मी उल्हासनगरला फिजिक्स घेऊन बीएस्सी करत होतो. बाबांच्या मांडीत आत खोल गाठ आली. उल्हासनगरच्याच एका डॉक्टरांनी मुंबईहून एमआरआय करून आणायला लावला. फिल्मवर गाठ पांढरीशुभ्र.

डॉक्टर म्हणाले, "नुसती चरबी असेल तर चिंता नाही. पण दुसरंही काही असं पांढरं दिसतं. चरबी वेगळी ओळखणारा स्कॅन पुन्हा करू. वाईट निघालं तर पायावर बेतेल."

मी लायब्ररीत बसून वाचलं आणि घरी सगळ्यांना ओटीवर बसवलं. "पाण्यातही हायड्रोजन, चरबीतही हायड्रोजन. चुंबकात दोन्ही भोवऱ्यासारखे डोलतात, पण चरबीतला जरा हळू. एक फोटो दोघं जोडीने डोलताना काढायचा, एक उलटसुलट असताना. एकात बेरीज, दुसऱ्यात वजाबाकी. त्यावरून पाण्याचा फोटो वेगळा, चरबीचा वेगळा."

आत्या म्हणाली, "डेअरीवाला दूध तपासतो तसं?"

"तसंच समज. चरबी निघाली की सुटलो. पाणी निघालं तर अवघड."

एवढं सोपं करून सांगितल्याबद्दल मी स्वतःवर फार खूश होतो.

त्यानंतर बाबांच्या ताटात तूप वाढू लागलं. भातावर तूप, भाकरीवर तूप, सकाळी शिरा. मला वाटलं, आईची माया. स्कॅनला निघायच्या दिवशी बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही मला पाणी देत नाय रे. मागितलं की अर्धा पेला."

आईला विचारलं तर ती म्हणाली, "तूच बोललास ना, पाणी निघालं तर अवघड?"

"आई, ते गाठीतलं गं. खाण्यापिण्याचं नाही."

"गाठ काय शेजाऱ्याच्या अंगात हाय? खाल्लेलं तिथंच जाणार ना?"

बाबा म्हणाले, "तुमचं कालेज नंतर चालवा. आधी तांब्या आण."

बाबा गटागटा प्यायले. आई बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग काय निघंल रे?"

मशीन कसं ओळखतं ते मला तोंडपाठ होतं. काय निघेल, ते मलाही माहीत नव्हतं. मी बुटांच्या नाड्या बांधत बसलो.

रिपोर्ट परस्पर डॉक्टरांकडे जाणार होता. नाक्यावरच्या वाण्याच्या दुकानात फोन होता, तो नंबर आम्ही देऊन ठेवला होता. एका दुपारी वाण्याने हाक मारली. मी धावत गेलो.

डॉक्टर म्हणाले, "पाण्याच्या फोटोत गाठ पूर्ण काळी आली आहे."

"काळी म्हणजे चांगलं की वाईट?"

"अरे, तू फिजिक्सचा ना?"

"हो सर. पण सांगा ना."

"काळी, म्हणजे तिच्यात पाणी नाही. सगळी चरबी आहे. वडिलांच्या पायाला धोका नाही."