हळद लावलेलं पत्र

आमंत्रणाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं की त्या वासानं नव्वदीतला तो मेळावा आठवतो. इंदापूरच्या आमच्या शाळेत माजी विद्यार्थी जमवून नव्या वर्गांसाठी देणगी मिळवायचं काम माझ्याकडं होतं. जुन्या हजेरीपटावरून, कसलीही चौकशी न करता, मी पत्रं धाडली होती. पळसदेवचे एक म्हातारे मासेमार मुलाच्या नावचं पत्र घेऊन टेबलापाशी आले. “पोरगं दोन वर्सांमागं धरणात बुडालं, सर. तुमी बोलावलं, म्हून मी आलो.” माझी मान खाली गेली. त्यांनी कनवटीची नोट काढली. “पावती त्याच्या नावानं फाडा.” मी चाचरत विचारलं, “नावाआधी कै. लिहू, तात्या?” “न्हाय. पत्रात हाय तसंच लिवा.” आता तात्याही नाहीत. तरी यंदाच्या मेळाव्यासाठी त्या पत्त्यावरच्या पत्राला मी हळद लावली आणि त्यांच्या मुलाच्या नावाआधी श्री.च लिहिलं.