रिकाम्या ओळीपुरतं नाव

इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एक बाई बावीस वर्षं फोन उचलत होती. डॉक्टर, नर्सा, पेशंटांचे नातलग, सगळे तिला हॅलोताई म्हणत. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, फोनचा बोर्ड आणि कुरकुरणारा पंखा. खिडकी नव्हती, आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती, कारण हॅलोताईला जन्मापासूनच दिसत नव्हतं. पण एकदा ऐकलेला आवाज ती जन्मात विसरायची नाही. हृदयविभागाचे मोठे डॉक्टर सर्दीने घसा बसलेला असताना नुसतं "हॅलो" म्हणाले तरी ही म्हणायची, "साहेब, आधी स्वतः औषध घ्या, मग लाइन जोडते." तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती.

घरी तिच्या कॉम्प्युटरवर बोलका होता. बोलका म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. तो कुठल्या कंपनीचा नाही. ओपन सोर्स म्हणतात तशातला, म्हणजे ठिकठिकाणच्या लोकांनी हौसेने मिळून बनवायचा, फुकट वाटायचा, आणि आत काय आहे ते ज्याला वाटेल त्याने उघडून बघायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं. कल्पना सोन्यासारखी आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं पुढचं आहे.

एका रविवारी सकाळी डॉक्टरांकडून सासूबाईंच्या गोळ्यांचा नवा कागद ईमेलने आला. हॅलोताईने तो बोलक्याकडून वाचून घेतला. बोलका म्हणाला, "सकाळी पाच गोळी." हिने बाटली उघडली, पाच गोळ्या बशीत मोजल्या आणि पाण्याचा पेला घेऊन सासूबाईंपुढे गेली.

"अगं, काल अर्धी दिलीस," सासूबाई म्हणाल्या. "आज एकदम पाच? इतकी जड झाले का मी तुला?"

नवरा अंघोळीहून येत होता. तो शिवणयंत्रं दुरुस्त करतो. बारीक बघायची त्याला सवय. त्याने पडद्यावर वाचलं आणि खाली बसला. कागदावर पाचाच्या आधी टिंब होतं. डॉक्टरांनी अर्धी गोळी लिहिताना शून्य गाळून नुसतं टिंब आणि पाच लिहिलं होतं, आणि बोलक्याने ते टिंब गिळून टाकलं होतं. हॅलोताईने गोळ्या परत बाटलीत भरल्या. अर्ध्या तासात भीतीचा राग झाला, आणि हॅलोताईचा राग म्हणजे कामाला लागायची तिची पद्धत.

त्याच दुपारी तिने बोलक्याच्या साइटवर तक्रार लिहिली. एका तरुण प्रोग्रॅमरने उत्तर दिलं. त्याला आपण दुरुस्तीवाला म्हणू. मुलगा हुशार होता, नम्रही होता. पण त्याला डोळे होते, आणि डोळे असलेला माणूस बोलका ऐकत नाही, बघतो. पहिल्या दुरुस्तीत बोलका टिंबाला "दशांश" म्हणू लागला, पण तारखा बिघडल्या, प्रत्येक तारखेत दोनदोनदा "दशांश" घुसला. दुसऱ्या दुरुस्तीत तारखा सुधारल्या, तर वाक्य संपून पुढचं आकड्याने सुरू झालं की तिथे दशांश. तिसऱ्यात कंसातलं टिंब पुन्हा गायब. दर वेळी तो लिहायचा, "झालं वाटतं, ताई," आणि दर वेळी ही ऐकून सांगायची की नाही झालं.

शेवटी हॅलोताईने त्याच्यावर विसंबणं सोडलं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तिने स्वतःच वाक्यं रचली: औषधांची, मापांची, तारखांची, बसच्या वेळांची. चारशे बारा वाक्यं. घरी आल्यावर प्रत्येक वाक्य बोलक्याकडून वाचून घेतलं, रेकॉर्ड केलं, कुठे चुकलं ते टिपलं, आणि त्यातून नियम काढले. कुठलं टिंब बोलायचं, कुठलं सोडायचं, कुठे नुसतं थांबायचं. एकोणीस नियम, साध्या भाषेत, क्रमाने. अकरा आठवडे गेले. दुरुस्तीवाल्याने ते नियम एकेक करून कोडमध्ये घातले आणि तिला खासगी निरोप धाडला: "ताई, तुमच्याशिवाय हे सात जन्मांत जमलं नसतं."

सात जन्म म्हणाला हो. लक्षात ठेवा.

मध्यंतरी इस्पितळाने ठरवलं की आता फोन यंत्र उचलेल. याच्यासाठी एक दाबा, त्याच्यासाठी दोन दाबा, आणि माणूस हवा असेल तर नशीब दाबा. हॅलोताईला दोन महिन्यांची नोटीस मिळाली, आणि आठवण म्हणून भिंतीवरचं एक घड्याळ. आंधळ्या बाईला भिंतीवरचं घड्याळ! ज्याने ते निवडलं त्याच्या डोक्याची बलिहारी. तिने ते तिथल्या तिथे शिपायाला देऊन टाकलं.

पंचेचाळीसाव्या वर्षी, न दिसणाऱ्या बाईला दुसरं काम कोण देणार? एकच जागा होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक संस्था अंध लोकांच्या वापरातले प्रोग्रॅम तपासायची, आणि तिथे एक तपासनीस हवा होता. तिने फोन केला. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अनुभव आहे म्हणता, पण पुरावा लागेल. त्या प्रोग्रॅमच्या रिलीज नोट्समध्ये तुमचं नाव असलं म्हणजे पुरे. अर्ज महिनाअखेरीपर्यंत."

रिलीज नोट्स म्हणजे नवी आवृत्ती निघाली की सोबत येणारं पत्रक. काय बदललं ते वर, आणि ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं खाली. बोलक्याची नवी आवृत्ती त्याच महिन्यात यायची होती. हॅलोताई निर्धास्त झाली. नवऱ्याला म्हणाली, "एवढं तर मी कमावलंय."

आवृत्ती आली तेव्हा शनिवार होता. सासूबाई आणि नवरा दोघे शेजारी बसले, आणि बोलका आपलंच पत्रक वाचू लागला. "दशांश चिन्हाच्या उच्चारात मूलभूत सुधारणा," तो म्हणाला, आणि पुढे दुरुस्तीवाल्याचं नाव. मग आभारांची यादी. बासष्ट नावं. एका बटणाचा रंग निळ्याचा हिरवा करणाऱ्याचं होतं. वर्ष बदललं म्हणून सालाचा आकडा बदलणाऱ्याचं होतं. हॅलोताईने यादी दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा सावकाश ऐकली. तिच्याच कानांनी सुधारलेला तो आवाज, स्वच्छ, एकही चूक न करता बासष्ट माणसांचे आभार मानत होता, आणि त्यात ती नव्हती.

"तुझं राहिलं का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"राहिलं नाही," ती म्हणाली. "वगळलं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते नवऱ्याने त्या दिवशी जवळून पाहिलं. तिने दुरुस्तीवाल्याला लिहिलं, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, कानात बोळे घालून बसावं तसा तो गप्प. मग तिने बोलक्याच्या सगळ्या कामाचा कारभार बघणाऱ्या प्रमुखाला फोन लावला. बावीस वर्षं जी लोकांना जोडून देत होती तिला एक नंबर काढायला कितीसा वेळ लागतोय?

प्रमुख गोड बोलणारा होता. "ताई, गैरसमज नको. यादी कुणी माणूस करत नाही, आपोआप होते. ज्याने कोडमध्ये बदल केला त्याचं नाव यंत्र उचलतं. तुम्ही कोड लिहिला नाहीत ना."

"नियम माझे आहेत. एकोणीसच्या एकोणीस."

"हो, पण ते कोडमध्ये त्याने घातले."

"मग यादीत हाताने घाला माझं नाव."

"एकाचं हाताने घातलं की सगळे मागतील, ताई."

"मागू देत. ज्यांनी काम केलंय ते मागतील. त्यात तुमचं काय जातं?"

प्रमुख जणू मोठी मेहेरबानी करावी तसा म्हणाला, "असं करू या का? साइटवर एक ओळ टाकतो. 'एका अंध वापरकर्तीचे विशेष आभार.' लोकांना भावेल."

इथे मात्र माझंही डोकं फिरतं. बासष्ट जणांना नाव आहे, आणि हिला काय, तर आंधळेपण. बटण रंगवणाऱ्याला कुणी 'एका डोळस वापरकर्त्याचे आभार' म्हटलं नाही. हॅलोताई शांतपणे म्हणाली, "मला माझ्या आईबापांनी नाव ठेवलंय. वापरायला फुकट आहे."

प्रमुख ओशाळला, पण यंत्रापुढे त्याचंही चालत नव्हतं, किंवा चालवायचं नव्हतं. "मग एक युक्ती सांगतो," तो हळूच म्हणाला. "पुढच्या आठवड्यात छोटी आवृत्ती निघतेय. तुम्ही कुठेही एक बारीकसा बदल करा. मदतीच्या फायलीत चाळिसाव्या ओळीनंतर एक रिकामी ओळ जास्तीची आहे, ती पुसा. नाव आपोआप येईल."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, असल्या नावावर पाणी सोडावं. पण महिनाअखेर बारा दिवसांवर होती आणि घरात खाणारी तीन तोंडं. तिने मदतीची फाईल उघडली, चाळिसावी ओळ ओलांडली, रिकामी ओळ पुसली, बदल पाठवला. चार मिनिटं लागली. आठवड्याने छोटी आवृत्ती निघाली आणि बोलक्याने तिचं नाव वाचलं, पहिल्या नावापासून आडनावापर्यंत, ठणठणीत. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. हॅलोताई उठून भांडी घासायला गेली, आणि घासली अशी की नवऱ्याला वाटलं, आता कढईला भोक पडणार.

मुलाखतीला नवरा तिला रिक्षाने घेऊन गेला आणि बाहेरच्या बाकावर थांबला. आत संस्थेचे मुख्य तपासनीस होते. त्यांनाही दिसत नव्हतं. टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर, आणि त्यातून हळू आवाजात बोलकाच बोलत होता. तिचा अर्ज त्यांनी आधीच ऐकला होता.

"नाव आहे यादीत. चांगलं झालं," ते म्हणाले. "कशाबद्दल आहे?"

काहीही ठोकून देता आलं असतं. कोण शोधायला बसलंय? पण तिचा सगळा रागच खोट्या यादीवर होता, तर ती स्वतः खोटं कशी बोलणार?

"एक रिकामी ओळ पुसली," ती म्हणाली. "चार मिनिटांचं काम. ज्याला अकरा आठवडे लागले ते यादीत नाही. ते टिंबाचं आहे."

तपासनीसांच्या खुर्चीची करकर थांबली. "दशांशाचं?"

तिने पिशवीतून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "चारशे बारा वाक्यं आणि एकोणीस नियम. तारखा घातलेल्या आहेत. ऐका."

त्यांनी ऐकलं. पाच नाही, दहा नाही, चाळीस मिनिटं ऐकलं. मध्येच एकदा "कंसातलंसुद्धा" असं स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी बोलका बंद केला आणि जरा अडखळत म्हणाले, "मी इन्शुलिन घेतो. मापाचे कागद यानेच वाचतो. तीन वर्षं मला कुणाकडून तरी खात्री करून घ्यावी लागायची, आता लागत नाही. आम्ही संस्थेतर्फे आभाराचं पत्रसुद्धा पाठवलं." ते थांबले. "त्या प्रोग्रॅमरला."

"वाचा ते," हॅलोताई म्हणाली.

"कशाला उगीच..."

"वाचा."

बोलक्याने पत्र वाचलं. आपण हे काम किती बारीक कानाने केलं, असं त्यात लिहिलं होतं. आपल्यामुळे आमच्यासारखी माणसं आपली औषधं आता स्वतः घेऊ शकतात, असं लिहिलं होतं. आपले उपकार विसरणार नाही, असंही. वर नाव दुरुस्तीवाल्याचं. प्रत्येक वाक्य तिचं आणि पत्ता दुसऱ्याचा. ती शेवटपर्यंत हललीसुद्धा नाही.

"उत्तर आलं का त्याचं?" तिने विचारलं.

"आलं." तपासनीसांचा आवाज खाली गेला. "दोनच शब्द आहेत. 'माझं कर्तव्यच.'"

सात जन्मवाला तो. एका ओळीत सांगता आलं असतं, हे काम माझं एकट्याचं नाही. तेवढंसुद्धा त्याच्या बोटांना जड झालं.

तपासनीस म्हणाले, "सोमवारपासून या. जागा तुमची." आणि थोड्या वेळाने, "पहिलं काम काय देऊ?"

"सोमवार कशाला?" हॅलोताईने खुर्ची पुढे ओढली. "आत्ताच घ्या. हेच पत्र पुन्हा पाठवायचं, प्रमुखाला आणि त्यालाही. मजकूर एका अक्षराने बदलायचा नाही. वरचं नाव तेवढं बदला."

"सांगा," ते म्हणाले आणि कीबोर्ड जवळ घेतला.

तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सोडवून. आणि त्यांनी लिहिलेलं ते बोलक्याकडून परत वाचून घेतल्याशिवाय ती तिथून उठली नाही.