करंगळीनं उघडणारं दार

पेन्सिलकाकांच्या शर्टाच्या खिशात कायम चार-पाच पेन्सिलींचे तुकडे असत, पण त्यांना एक ओळ लिहिताना मी कधी पाहिलं नाही. त्या पेन्सिली लिहायला नव्हत्याच. काका त्यांतलं शिसं काढून त्याची बारीक पूड करत आणि औषधाच्या रिकाम्या डबीत भरून ठेवत. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबाद भागातल्या आमच्या गल्लीत कुणाचं फाटक किंवा कपाट कुरकुरलं, की काका डबी घेऊन हजर. सरकारी कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरचे. चाळीस वर्षं इथं काढली, तरी बोलणं तिकडचंच राहिलं.

आमच्याकडे त्यांचं येणं वाढलं ते ट्रेलरमुळे. माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, हौसेनं एक जुना प्रवासी ट्रेलर घेतला. गाडीला जोडून न्यायचा. आत दोन पलंग, छोटा ओटा, एवढासा संडास. गल्ली त्याला 'डबा' म्हणायला लागली. डब्याचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नसे. मी याद्या करणारी बाई. त्या आठवड्याच्या यादीत 'बिजागऱ्यांना तेल' हे चौथं काम होतं. शिलाई मशीनचं तेल सढळ हातानं ओतलं आणि कामावर काट मारली. गावातल्या गावात मारलेल्या पहिल्याच चकरेत रस्त्याची धूळ त्या तेलात बसली आणि दार अर्ध्यावर अडकलं.

"काय करून राहिली तू मीना?" काळंकुट्ट झालेलं फडकं माझ्यापुढे धरून काका म्हणाले. "तेलानं दार गप्प होते, मोकळं नाही होत."

गंमत म्हणजे त्यांनी आधी बिजागऱ्यांना हातच लावला नाही. वाटीभर पाणी मागितलं आणि वाटी डब्याच्या जमिनीवर ठेवली. पाणी एका काठाकडे चढलं होतं.

"पाहा, डबा तिरपा उभा आहे. सारा भार बिजागरीवर. अन् तू दारावर चिडतेस."

त्यांनी कोपऱ्यात जॅक लावला आणि वाटीतलं पाणी सारखं होईपर्यंत डबा उचलला. मग एकेक बिजागरी सोडवून पिन काढायची, रॉकेलनं धुवायची, वाळवायची, पेन्सिलीची पूड भरायची. तीन बिजागऱ्यांना पंधरा दिवस लागले. मी घाईवर.

"काका, उघडतंय की आता!"

"तुला उघडते. करंगळीनं उघडलं पाहिजे."

करंगळी कोणाची, ते मला ठाऊक होतं. काकूंची बोटं संधिवातानं वाकली होती. उजव्या हाताची करंगळी तेवढी सरळ राहिलेली. होशंगाबादला जाऊन नर्मदेत पाय बुडवायचे, एवढं एकच त्या बोलून दाखवत. रस्ता दोन तासांचा. पण त्यांना सलग तेवढं बसवत नसे, मध्येच आडवं व्हावं लागे, आणि रस्त्यावरचे संडास गुडघ्यांना झेपत नसत. डबा दारात आला त्या दिवशी मीच म्हणाले होते, "काकू, पहिली फेरी तुमची."

काम झाल्यावर काकांनी त्यांना हाताला धरून आणलं. सुधीरनं कडी काढली. काकूंनी करंगळी अडकवून ओढली आणि दार आवाज न करता उघडलं.

"अगं बाई, उघडलं की हो!" म्हणत त्या वर चढल्या, पलंगावर बसल्या, उशी थोपटली. खिडकीतून समोर शेजाऱ्यांची स्कूटर आणि भिंत दिसत होती. तीच कौतुकानं पाहिली. "मिठाचा डबा इथं ठेव गं मीना, हाताशी राहील," म्हणाल्या. पाच मिनिटांनी उतरल्या.

पहिली फेरी डिसेंबरात पचमढीची झाली. सुधीरच्या ऑफिसातल्या मित्राला शब्द दिलेला, पलंग दोनच. निघताना काका हात हलवत गाडी मागे घेऊन देत होते, "आने दो, आने दो, बस!" काकू आपल्या दारात उभ्या होत्या. पचमढीचा रस्ता होशंगाबादवरूनच जातो. येताना घाटावर उतरून मी पाण्याची बाटली भरून घेतली आणि काकूंना दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली. "पाहा, नर्मदा घरीच आली!" मी ओशाळून म्हणाले, "पुढच्या खेपेला नक्की." त्या म्हणाल्या, "होईल गं. नर्मदा काय कुठं पळून जाऊन राहिली?"

यादीत 'काका-काकू, होशंगाबाद' असं लिहिलेलं होतं. जानेवारीत ते दुसऱ्या पानावर गेलं, मार्चमध्ये तिसऱ्या. दर वेळी कारण खरं होतं. त्याचा मला आता काही उपयोग नाही.

ऑगस्टमध्ये काकू चार दिवसांच्या तापानं गेल्या. शेवटी त्यांच्या तोंडात घातलं ते पाणी माझ्या बाटलीतलं होतं. काकांनी देवघरातून ती बाटली काढली, माझ्याकडे पाहिलं नाही, रागानंही नाही.

दिवाळीच्या आधी ते डबी घेऊन दारात उभे. "पाऊस झाला, बिजागऱ्या धरल्या असतील." मी वाटीत पाणी आणून दिलं. तेच सगळं त्यांनी पुन्हा केलं, तितक्याच दिवसांत. शेवटी आपली करंगळी अडकवून दार ओढलं, लावलं, पुन्हा ओढलं.

मग सांगितलं, की मुलीकडे नागपूरला कायमचं जायचं ठरलंय.

"काका, आम्ही सोडतो ना डब्यातून!" मी घाईघाईनं म्हणाले. "होशंगाबादवरून जाऊ. आरामात, थांबत थांबत."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "नको बाळा. मला बस चालते."

पेन्सिलीच्या पुडीची डबी त्यांनी डब्यातच ठेवली, ओट्यावर, मिठाच्या डब्याशेजारी.