ताक विकायचं नसतं

माझ्या माहेरी, जांबेच्या बाजूच्या खेड्यात, मीठ, घासलेट आणि लुगडी सोडली तर विकत असं काही येतच नसे. लग्न होऊन जालन्याला आले आणि बघते तर दात घासायची लिंबाची काडीसुद्धा विकत! चुलीला गोवऱ्या विकत, प्यायला पाणी विकत. निजामाच्या राज्यातल्या त्या शहरात फुकट मिळायचा तो फक्त सल्ला, आणि तो सासूबाई उजाडल्यापासून देत.

वडिलांनी मला आंदण म्हणून म्हैस दिली होती. पहिल्यांदा ताक घुसळलं, तेव्हा शेजारीण पदराआड भांडं धरून दाराशी घोटाळली. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी हाक मारून ते भरून दिलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आणखी बायका आल्या, तशा सासूबाई भडकल्या.

"इथं कडबा विकत, पेंड विकत. फुकट वाटायला हे काय खेडं हाय? पैसे घेत जा."

"न्हाई आत्याबाई. दूध विकीन, तूप विकीन. ताक बिलकुल न्हाई."

हट्ट म्हणा, होताच. लोणी काढून घ्यायचं आणि खाली उरलं त्याचेही पैसे मागायचे, याची मला शरम वाटत होती. गावात आज आपल्या दारात दुसरे येत, आणि आपली म्हैस आटली की आपण त्यांच्या दारात जात असू. शहराला हे कोण समजावणार?

नवरा कापसाच्या अडतीवर कारकून. त्यानं निकाल दिला, "ताक विक, न्हाई तर म्हैस बाजारात जाईल. एवढा खर्चा झेपत न्हाई."

"जाऊ द्या. मंग ती गेली की मीबी माहेरी जाते," मी म्हटलं. बोलले खरी, पण गोठ्यात जाऊन रडले. माहेरचं म्हणावं असं तेवढंच माझ्याजवळ होतं.

चार दिवसांनी नवरा खरंच जनावरांचा व्यापारी घेऊन आला. मी म्हशीचं दावं मनगटाला गुंडाळून उभी राहिले. सोडणार नव्हतेच.

व्यापारी उन्हातून आलेला. सासूबाईंनी त्याला तांब्याभर ताक दिलं आणि गाव विचारलं. तो मंठ्याकडचा निघाला. सासूबाईंचं माहेरही तिकडचंच. त्यानं ताक संपवलं, मिशा पुसल्या आणि ओट्यावर एक पैसा ठेवला.

"शहरात ताकबी विकतच म्हणं, अक्का."

सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "उचला तो पैसा. आमच्या घरात ताक विकत न्हाईत."

नवरा बघतच राहिला. "मंग ताक विकत न्हाई म्हणून म्हैस कशापायी विकायची?" मी मोठ्यानं विचारलं. व्यापारी पैसा उचलून, आला तसा निघून गेला.

सासूबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बांध तिला आता. आन् जल्दी ताक घुसळ, बाया यायच्या झाल्या."