टाइमकोडवरचा सत्कार

“प्रभू, लाइट लावा!” भाटकरसाहेब स्टेजवरून ओरडले.

“टेप लावा, मग लागेल,” मी विंगेतून म्हणालो.

स्टेजवर मिट्ट काळोख. त्या काळोखात भाटकर हार घेऊन उभे, आणि त्यांच्यासमोर आमदारसाहेब नारळ सांभाळत. एकमेकांची तोंडंही दिसत नव्हती. मुलुंडच्या त्या हॉलमध्ये हजारेक माणूस बसलेलं, आणि पब्लिकने शिट्ट्या मारायला सुरुवात केली होती.

भाटकरांचा पंख्यांचा कारखाना होता. पंखे विकून पोट भरलं, मग कलेची हौस आली. गंगा स्वर्गातून उतरते त्या कथेवर त्यांनी नृत्यनाट्य काढलं. सिंगापूरला जाऊन आले, तिथे कुठलासा शो पाहिला, आणि आल्या आल्या आमच्या लाइट कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात येऊन म्हणाले, “मला टाइमकोड पाहिजे.” म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं. फक्त पाहिजे होता.

टाइमकोड म्हणजे टेपच्या एका ट्रॅकवर भरलेलं घड्याळ. बाकीच्या ट्रॅकवर गाणी, संगीत, आणि ह्याच्यावर नुसती किरकिर. माणसाला त्यातलं काही कळत नाही. पण लाइट-बोर्ड, म्हणजे दिवे चालवणारा कॉम्प्युटर, ती किरकिर वाचतो, टेप कुठवर आली ते ओळखतो आणि तिथला ठरलेला लाइट आपोआप लावतो. टेप थांबली की घड्याळ थांबलं, आणि लाइट आहे तसाच राहिला. हे मी भाटकरांना दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा ते “झकास, झकास” म्हणाले.

बोर्ड असा कोडवर चालत असला की आमच्या त्या मॉडेलचे फेडर, म्हणजे हाताने लाइट कमी-जास्त करायच्या पट्ट्या, मेलेले असत. परत हातावर घ्यायचा तर सगळा बंद करून पहिल्यापासून उठवायचा. म्हणून मी अडीअडचणीला माझा जुना, हाताने चालणारा डिमर आणला होता. तो भाटकरांनी सकाळीच टेम्पोत परत चढवला. “हे डबडं फोटोत आलं तर कॉम्प्युटरची शोभा जाईल,” म्हणाले. मी भांडलो. पण हौशी माणसाशी भांडून काय मिळतं?

तर आमदार उशिरा आले. आपल्याकडे पाहुणा आला की चाललेलं सगळं थांबतं. भाटकर पहिल्या रांगेतून उठून विंगेत धावले आणि साउंडवाल्या दिनूला बाजूला सारून त्यांनी स्वतः स्टॉप दाबला. नेमका ब्लॅकआउट चालू असताना! हॉलचे दिवे लावणारा मॅनेजर टॉर्चसकट गेटवर गेलेला, आमदारांच्या गाडीला जागा दाखवायला.

सत्काराचं मला काही वाटत नव्हतं. अंधारात नारळ देऊन कोणी मरत नाही. पण त्या ब्लॅकआउटमध्ये शुभदा, म्हणजे आमची गंगा, मागच्या उंच मचाणावर चढत होती. उभी शिडी, आणि धरायला कठडा नाही. ती संगीताच्या ठेक्यावर पायऱ्या मोजत चढायची. ठेका थांबला तशी ती मध्येच अडकली.

“दादा,” वरून बारीक आवाज आला, “पाय वर टाकू का खाली?”

“हलू नकोस गं! आहेस तिथेच उभी राहा.”

दिनूला म्हटलं, “सोड टेप.”

“अरे, सत्कार चाललाय. भाटकर जीव घेईल माझा.”

“घेऊ दे. ती पडली तर काय करशील? दाब रे!”

दिनूने प्ले दाबलं. संगीत सुरू झालं. टेपवर अंधार थोडाच उरला होता, तेवढ्यात ती ठेका पकडून वर पोचली. आणि मग बोर्डाने आपलं काम चोख केलं. निळा प्रकाश, ढगांचा गडगडाट, विजा. विजांच्या लखलखाटात आमदारांच्या गळ्यात हार पडला, आणि त्यांच्या मागून साक्षात गंगा मचाणाच्या पुढच्या पायऱ्या उतरू लागली. आमदार वळून पाहतात तो काय, हात जोडून उभेच राहिले. हॉलभर टाळ्यांचा पाऊस.

शुभदा विंगेत आली आणि केबलच्या पेटीवर मटकन बसली. मी पाणी दिलं, ते निम्मं साडीवर सांडलं. मला संताप आवरेना. भाटकर तिच्याजवळून तसेच पुढे आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, “काय टायमिंग, प्रभू! ह्याला म्हणतात टाइमकोड.”

आठवड्याने त्यांचा फोन. दादरला प्रयोग ठरला होता, कोणी मंत्री येणार होते. “तो सत्कार आता टेपवरच बसवता येईल का हो?”

“येईल की,” मी म्हणालो. “फक्त अंधारात शिडी तुम्ही चढायची.”

त्यांनी फोन ठेवला. दादरचं काम दुसऱ्या कंपनीला गेलं, आणि शुभदाने त्या शिडीवर परत पाय ठेवला नाही. स्टॉपचं बटण कोणाच्याही बोटाला सापडतं. ते दाबण्याआधी शिडीवर कोण आहे हे बघणारा माणूस मात्र अजून कुठल्या मशीनबरोबर आलेला मी पाहिला नाही.