बोरकुटे सरांना मिशी नव्हती

त्या सोमवारी आमच्या स्टाफ बसच्या ड्रायव्हरनं जुन्या रायपुरातल्या बुढापारा मोहल्ल्याच्या तोंडाशी तीनदा हॉर्न वाजवला. कुंदादीदी तिथून चढायची. ती कधीच उशिरा यायची नाही, म्हणून मी तिला फोन लावला. तो तिच्या मोठ्या भावानं, रमेशदादानं उचलला. "कुंदा गेली बेटा, सकाळीच… चहा मांडला होता तिनं," एवढंच तो म्हणाला. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "चलो भैया, हाज़िरी कट जाएगी," आणि बस निघाली. मी उतरायला हवं होतं. उतरले नाही. नव्या रायपूरला पोहोचून आधी हजेरी लावली, मग सुट्टी मागितली, आणि परत यायला निघाले तर दुपारपर्यंत बसच नव्हती. त्या रुंद, मोकळ्या रस्त्याच्या कडेला उभी असताना मला रडू आलं नाही, राग आला. सहा आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही. पहिला राग माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकते.

कुंदा बोरकुटे आमच्या कार्यालयात आवक-जावक शाखेत लिपिक होती. पन्नाशी ओलांडलेली, एकटी राहणारी, भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेल्या बापाची लेक. चौथ्या दिवशी शोकसभा झाली. साहेब उठले आणि म्हणाले, "मैडम बड़ी सीधी-सादी थीं. न कोई शौक, न कोई शिकायत. घर से दफ्तर, दफ्तर से घर." सगळ्यांनी माना हलवल्या. दोन मिनिटं मौन झालं, मग समोसे आले. मी समोसा तसाच हातात धरून बसले होते. शौक नव्हता म्हणे! त्या बाईनं जेवढी राज्यं वाचवली, जेवढी बुडवली, जेवढ्या राजांशी हुज्जत घातली, तेवढी त्या खोलीतल्या सगळ्यांनी मिळून स्वप्नातसुद्धा पाहिली नसतील. पण तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

कुंदादीदी कॉम्प्युटरवर गेम खेळायची. पळापळीचे, गोळीबाराचे नव्हेत. तिच्या गेममध्ये आपण एक माणूस होऊन गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, आणि आपण काय बोललो त्यावरून गोष्ट वळते. कादंबरीसारखं वाचावं लागतं, फक्त पुढचं वाक्य आपण निवडायचं. हे मला कळलं तेही गंमतीनं. मी अभनपूरच्या शाळेत शिकलेली, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, डेटा एंट्रीच्या कामावर नवीनच लागले होते. बसमध्ये शेजारी बसणारी ही बाई एक दिवस म्हणाली, "सरिता, एका म्हाताऱ्याचा पोरगा लढाईत मेला. म्हातारा रोज घाटावर त्याची वाट पाहून राहिला. त्याले सांगाव का नाही?" मला वाटलं, तिच्या नात्यातला कुणी फौजी असेल. मी मन लावून विचार केला. घरी आईला विचारलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दीदी, नका सांगू. आशेवर तरी जगेल." पुढच्या आठवड्यात ती बसमध्ये चढली ती तणतणतच. "तुयं ऐकलं नं मी! तुयं ऐकून त्याले काही सांगतलं नाही. पूर आला, सगळं गाव गेलं निघून, अन् तो घाटावरच बसून राहिला. बुडाला म्हातारा तुयापायी!" मी बसमध्येच रडायला लागले. तेव्हा तिला समजलं की मला काय वाटलं होतं, आणि मग ती इतकी हसली, इतकी हसली की ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "अवं पोट्टी, गेममधला म्हातारा होता तो!"

त्या रविवारपासून मी तिच्या दोन खोल्यांत जायला लागले. ओट्याला लागून टेबल, त्यावर कॉम्प्युटर, शेजारी डब्यात मुरमुरे. मी बी.ए. झाले होते, पण इंग्रजीचं एक पान समोर आलं की मी ते न वाचताच उलटायचे. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पोळ्या लाटत पाठीमागून विचारत राहिली, "काय म्हणते तो कोतवाल? समजलं का नुसतीच पाहून राहिली?" समजल्याशिवाय उत्तर निवडता येत नसे, आणि चुकीचं उत्तर दिलं तर एखादं भलं माणूस फासावर जायचं. डिक्शनरीला मी एरवी परीक्षेपुरता हात लावत होते. तिच्याकडे मी ती कुणाचा तरी जीव वाचवायला उघडू लागले. पुढे विभागीय परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात पास झाले, ते कोणत्या क्लासमुळे असं लोक विचारतात. मी काय सांगणार?

पण तिचं खरं काम वेगळं होतं. ती लोकांना गेम सुचवायची. गाजलेले नाहीत, ते सगळेच खेळतात. कुठल्यातरी देशात तीन-चार जणांनी वर्षानुवर्षं खपून केलेले, ज्यांच्याबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या, असे गेम ती शोधून काढायची, शेवटपर्यंत खेळायची आणि मग नेटवरच्या एका हिंदी ग्रुपवर त्याबद्दल लिहायची. इंग्रजी नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून तिनं त्यांना आपली नावं दिली होती: मिठाच्या नाक्याचा गेम, दोन सवतींचा गेम, मुक्या न्हाव्याचा गेम. लिहिताना आधी त्यातली खोट सांगायची. लढाई रद्दी आहे, नकाशा पाहून डोकं उठतं, पहिला तास जांभया येतील. एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटी लिहायची की तरीही हा का खेळावा, आणि ते तिचं शेवटचं वाक्य वाचून माणूस नेटवरून गेम उतरवायलाच घ्यायचा. कुणी विचारलं, "मी काय खेळू?" तर आधी ती उलट विचारायची, "घर में आख़िरी झगड़ा किस बात पर हुआ?" बापाशी अबोला धरलेल्याला ती वेगळा गेम द्यायची, नुकत्याच सासरी आलेलीला वेगळा. ती चुकली असं मी पाहिलं नाही.

ग्रुपवर मात्र तिचं नाव होतं नुसतं 'बोरकुटे'. फोटो नाही. सगळे तिला बोरकुटे सर म्हणायचे. का, ते तिनंच मला सांगितलं. आधी ती स्वतःच्या नावानं तिथं होती. रविवारी दुपारी ग्रुपवर लिहून नव्हे, फोनसारख्या बोलून गप्पा चालायच्या. एकदा हिनं कानाला इयरफोन लावून "नमस्कार" म्हटलं. लगेच एक जण म्हणाला, "आंटी, बच्चे का फोन उठा लिया क्या?" दुसरा म्हणाला, "आंटी, सब्ज़ी काटने वाला गेम दूसरे ग्रुप में है." बराच वेळ हसले म्हणे. ती बाहेर पडली. महिन्याभरानं आडनाव घेऊन परत आली आणि तीच मतं, तीच वाक्यं लिहायला लागली. तीच पोरं म्हणायला लागली, "सर, आप तो गुरु हो."

मी खूप चिडले होते. म्हटलं, "दीदी, सांगून टाका त्यांना."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुमचं नाव आहे ते."

"मी बाई हाये म्हणून सांगतलं का ते मायावर बोलतीन. आता गेमवर बोलून राहिले नं? मंग झालं तर." आणि तिनं माझ्या पुढ्यात मुरमुऱ्यांचा डबा सरकवला. मला तिचाही राग येतो. इतक्या राजांपुढे न झुकलेली बाई त्या चार पोरांपुढे गप्प बसली, याचा.

ती गेल्यावर ग्रुपला कळवणं माझं काम आहे असं मला वाटलं. मी लिहिलं, बोरकुटे आता नाहीत. लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. सर अमर रहें. मग मी दुसरी ओळ लिहिली की त्या सर नव्हत्या, त्यांचं नाव कुंदा होतं, माझ्या दीदी होत्या. रांग थांबली. एकानं लिहिलं, मौत का मज़ाक मत बनाओ. दुसरा म्हणाला, सर का अकाउंट हैक हो गया है. तिसऱ्यानं विचारलं, आप सर की मिसेज़ हैं क्या? आणि एक शहाणा म्हणाला, "लेडीज़ ऐसा लिख ही नहीं सकतीं, मैंने सर का एक-एक पोस्ट पढ़ा है." एकेक पोस्ट वाचली, आणि हे शिकला! ग्रुप चालवणाऱ्यानं मला नम्रपणे पुरावा मागितला. दोन दिवसांनी त्यांनी दीदीनं सुचवलेल्या सगळ्या गेमची यादी ग्रुपच्या माथ्यावर लावली, 'बोरकुटे सर की लिस्ट' म्हणून. वर कुणीतरी प्रेमानं काढलेलं चित्र होतं… चिलखत घातलेला, पिळदार मिशीचा एक वीर. मी लिहिलं, चित्र काढा, नाव दुरुस्त करा. उत्तर आलं, "दीदी, मान भी लें तो भी, लोग सर के नाम से ढूंढते हैं. लिस्ट ज़रूरी है या नाम?" मी लिहिलं, दोन्ही. त्यानंतर मला त्या ग्रुपमधून काढलं गेलं. ती मिशी अजून तिथं आहे.

म्हणून इथं, छापील अक्षरांत लिहिते आहे. त्या यादीतला प्रत्येक गेम कुंदा बोरकुटे नावाच्या बाईनं खेळलेला आहे.

गेल्या रविवारी रमेशदादानं मला दुपारी जेवायला बोलावलं. तो रेल्वेतून निवृत्त झालेला, दीदीचा कॉम्प्युटर आता त्याच्या बैठकीत आणून ठेवलेला. म्हणाला, "बेटा, पोरीले कॉलेजच्या कामाले पाह्यजे हा. त्याच्यातलं गेम-बिम सगळं साफ करून दे." मी नाही म्हणू शकले नाही. त्याची वस्तू होती. पुसायच्या आधी एकदा पाहावं म्हणून मी मिठाच्या नाक्याचा गेम उघडला, ती जिथं थांबली होती तिथून. एक बंद दरवाजा, कंदील धरलेला एक शिपाई, खाली दोन ओळी इंग्रजी. रमेशदादा माझ्या मागे येऊन उभा राहिला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि अक्षर लावायला लागला.

"के… यू… एन… कुंदा. बी, ओ… हे तं आपल्या कुंदीचं नाव आहे! इथं कोणं लिहिलं?"

"तिनंच, दादा. खेळणाऱ्याला नाव निवडता येतं."

"अन् हा काय म्हणून राहिला तिले?"

मी वाचून सांगितलं: कुंदा बोरकुटे, तुमचं नाव पहाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्यासाठी दार उघडायला कुणाला विचारावं लागत नाही.

मी सवतींचा गेम उघडला. तिथंही कुंदा बोरकुटे. न्हाव्याच्या गेममध्येही. जेवढे उघडले त्या सगळ्यांत तेच, पूर्ण, आडनावासकट. माझा फोन पर्समध्ये होता. एक फोटो काढून पाठवला असता तर त्यांना हवा असलेला पुरावा मिळाला असता. मी पर्सला हात लावला नाही. त्यांनी विश्वास ठेवावा म्हणून मी आता काहीही दाखवणार नाही.

"साफ करू, दादा?" मी विचारलं.

 त्यानं जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढत आणली, माझ्या शेजारी बसला, आणि कंदील धरलेल्या त्या शिपायाकडे बोट दाखवून म्हणाला, "याच्या पुढं जायले कोणतं बटन दाबाव लागते?"