फॉर्मवर बाबांचा ईमेल

"बाथरूममध्ये घसरली हो. फरशी ओली होती," असं आईने पाहुण्यांना सांगितलं, तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. जुमेरा लेक टॉवर्समधून एक काकू मुलाला घेऊन मला बघायला आल्या होत्या. मी जरा लंगडतेय हे त्यांच्या लक्षात आलं, एवढंच. माझा गुडघा ऑस्ट्रेलियात भर मॅचमध्ये गेला, बॉल झेलायला उडी मारून खाली येताना. चार सीझन मी तिथे व्यावसायिक फुटी खेळले, फॉरवर्ड म्हणून, आणि आईने ते सगळं एका ओल्या फरशीत गुंडाळून टाकलं. अजून आठवलं की डोकं सणकतं.

आपल्या लोकांना फुटी म्हणजे काय तेही सांगावं लागतं. सॉकर नाही, रग्बी नाही. लंबगोल बॉल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून किक गेली तर सहा पॉइंट, बाजूच्या फटीतून गेली तर एक. फॉरवर्डने ते सहा आणायचे, मागून दुसरी कुणी पाठीत गुडघा घालत असताना. बायोडेटात मात्र बाबांनी लिहिलं होतं, 'स्पोर्ट्स मॅनेजमेंट, मेलबर्न'. मॅनेजमेंट म्हणे. डोंबल.

इथे आखातात वाढलेल्यांना पुढचं लगेच कळेल. बाप स्पॉन्सर, त्याच्या व्हिसावर सगळं घर, म्हणून शाळा, व्हिसा, एमिरेट्स आयडी, दाताचा डॉक्टर, सगळ्या फॉर्मवर बापाचाच मोबाइल आणि बापाचाच ईमेल. आपला स्वतःचा लिहायचा असतो हे डोक्यातच येत नाही. शाळेतल्या ऑस्ट्रेलियन पीटी टीचरने मला या खेळात ओढलं आणि एकोणिसाव्या वर्षी तिकडच्या क्लबने ट्रायलला बोलावलं, तेव्हाही फॉर्म बाबांनीच भरला. ते मुसाफात एका कंपनीत परचेसला आहेत, काँट्रॅक्ट वाचणं हा त्यांचा जीव की प्राण. "एजंट कशाला हवा? मी बसलोय ना," म्हणाले आणि एजंटच्या रकान्यात स्वतःचंच नाव घातलं. मग क्लबचं प्रत्येक काँट्रॅक्ट त्यांच्या इनबॉक्समध्ये यायचं आणि मी फक्त सही करायची. ही चूक माझी, ते मी मान्य करते.

ऑपरेशननंतर मी मोहम्मद बिन झायद सिटीत घरी आले. दहा महिने रोज व्यायाम केला, जिने चढले, दुखलं तरी चढले. पुढच्या सीझनला क्लब घेणार का, एवढा एकच प्रश्न होता. कोचला थेट विचारायचं नाही, काँट्रॅक्टचं एजंटनेच बोलायचं असतं, असं बाबांनी बजावलेलं. म्हणून मी बाबांनाच विचारायचे, काही आलं का. "इन्शाल्ला येईल," ते म्हणायचे, टीव्हीवरची नजर न काढता.

तर त्या काकूंनी साधं विचारलं, "म्हणजे आता परत नाही ना जाणार ऑस्ट्रेलियाला?"

"छे हो," बाबा म्हणाले. "तो चॅप्टर खलास. गेल्या महिन्यात ऑफर आली होती तिकडून, मीच नाही म्हणून कळवून टाकलं."

मी ट्रे टीपॉयवर ठेवला. "कुठली ऑफर, बाबा?"

"आपण नंतर बोलू."

"आत्ता बोलू."

आई डोळ्यांनी खुणावत होती. मी काकूंकडे वळले आणि सांगितलं की मी बाथरूममध्ये घसरले नाही, मी फुटी खेळते, त्यात गुडघा गेला, आणि ती ऑफर मला आज, आत्ता, तुमच्यासमोर कळतेय. मुलगा म्हणाला, "दॅट्स अ‍ॅक्चुअली कूल." त्याच्या आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो पोहे खायला लागला.

ते गेल्यावर मी कोचला मेसेज केला. सकाळी उत्तर आलं. तू निवृत्त होतेयस असं तुझ्या एजंटने लिहिलं होतं, आम्हाला फार वाईट वाटलं, आता जागा भरली. मी फोन बाबांच्या पुढ्यात धरला.

"तळहाताच्या फोडासारखं जपलंय तुला," बाबा म्हणाले. "तू स्ट्रेचरवरून बाहेर गेलीस ते मी इथे बसून लाइव्ह बघितलंय. दुसराही पाय गेला असता तर?"

"पाय माझा आहे," मी म्हटलं. त्यांची भीती खरी होती, हे मला कळत होतं. म्हणून राग कमी झाला नाही, उलट वाढला. घाबरलात तर माझ्यापाशी बोलायचं होतं. मला न सांगता माझ्या नावाने निवृत्ती कसली लिहिता?

परवा दुसऱ्या एका क्लबच्या ट्रायलचा फॉर्म भरायला डायनिंग टेबलाशी बसले. मला फॉर्म तोंडातल्या तोंडात वाचायची सवय आहे. "ईमेल," एवढं मी पुटपुटले आणि सोफ्यावरून बाबा आपला आयडी सांगायला लागले, एकेक अक्षर सुटं करून, माझ्या शाळेच्या फॉर्मच्या वेळी सांगायचे तसा. मी त्यांना मधे तोडलं नाही, शेवटच्या डॉट कॉमपर्यंत सांगू दिलं. मग माझा टाइप केला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.